तुमच्यात याला काय म्हणतात? सोलापूरच्या उन्हाळी सुट्टीत शब्दांशी खेळायचं कसं

सोलापूरला मे महिन्यात पाहुणे आले की पहिल्या दिवशी सिद्धेश्वराचं दर्शन होतं, भुईकोट किल्ला होतो, संध्याकाळी पार्क चौपाटीवर भेळ होते. दुसऱ्या दिवशी पारा ४२ अंशांपाशी जातो आणि पाहुणे फरशीवर चटई टाकून आडवे होतात. दुपारी १२ ते ४ बाहेर पडायची सोय नसते. हा लेख त्या चार तासांसाठी आहे, आणि रात्री गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकल्यावर झोप लागेपर्यंतच्या वेळेसाठीही.

या वेळात सोलापूरसारखी करमणूक दुसऱ्या कुठल्या गावात मिळत असेल असं मला वाटत नाही. एका बोळात मराठी, पलीकडच्या बोळात कानडी, पूर्व भागात शिरलं की तेलुगू, आणि शेजारच्या मोहल्ल्यात दखनी उर्दू. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यातल्या नळावर चार भाषांत भांडण व्हायचं आणि भांडणाऱ्या चौघींनाही एकमेकींचं सगळं समजायचं. हे ऐकत वाढलेल्या माणसाला शब्दांचा नाद लागला तर नवल नाही. तुम्ही बाहेरून आला असाल तर तुम्हालाही आठ दिवसांत तो लागू शकतो. भाषाशास्त्र यायला नको. एक वाक्य तेवढं पाठ करा: "तुमच्यात याला काय म्हणतात?"

आधी दोन दिवस नुसतं ऐका

वही लगेच काढू नका. समोर वही दिसली की माणसं पुस्तकी बोलायला लागतात. पहिले दोन दिवस कान उघडे ठेवा. पहिली गोष्ट ऐकू येईल ती क्रियापदांची. "काय करायलास?" "जेवायलोय." "बाहेर पाऊस पडायलाय." प्रमाण मराठीतलं 'करतोय, जेवतोय, पडतोय' इथे 'करायलोय, जेवायलोय, पडायलाय' होतं. पुण्याहून आलेला माझा आतेभाऊ एकदा फोनवर "यायलोय, यायलोय" ऐकून निवांत आंघोळीला गेला. त्याला वाटलं, समोरचा माणूस अजून निघायच्या विचारात आहे. तो माणूस तोवर जिना चढत होता.

दुसरी गोष्ट 'की'. "बस की." "खा की अजून एक." या 'की'ला अर्थ विचाराल तर कुणाला सांगता येणार नाही, पण तो काढला की आग्रह निम्मा होतो. तिसरी गोष्ट हाक मारायची पद्धत. अनोळखी माणसालाही "मालक" म्हणतात, वयाने मोठ्या बाईला "अक्का", मोठ्या माणसाला "अण्णा" किंवा "अप्पा". हे तिन्ही शब्द कानडीतही आहेत आणि मराठीतही, आणि कुणी कुणाकडून घेतले याचा विचार बोलताना कुणाच्या मनात येत नाही. "काय बे" मात्र जपून. ते बरोबरीच्या दोस्तांत चालतं, थोरांपुढे नाही. आणि कुणाच्या बोलण्याची नक्कल करून हसू नका. एकदा हसलात की तो माणूस तुमच्यापुढे घरचं बोलणं बंद करतो.

मग वही, आणि सुरुवात स्वयंपाकघरातून

तिसऱ्या दिवशी शंभरपानी वही घ्या. पान उभं आखून चार रकाने करा: मराठी, कानडी, तेलुगू, दखनी. डावीकडे वस्तूचं नाव लिहा आणि घरातल्या, शेजारच्या माणसांना आपला प्रश्न विचारा. स्वयंपाकघर यासाठी उत्तम, कारण तिथली वस्तू हातात धरून दाखवता येते आणि आजी तिथेच बसलेली असते.

सकाळच्या नाश्त्यापासून सुरू करा. पुण्या-मुंबईत ज्याला उपमा म्हणतात त्याला इथे उप्पीट म्हणतात. कानडी शेजारणीला विचारा, ती 'उप्पिट्टु' म्हणेल: उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ. मीठ आणि पीठ, संपला पदार्थ. तूप घ्या. कानडीत तुप्प. पानाच्या डब्यातला अडकित्ता घ्या. कानडीत अडके म्हणजे सुपारी, मग त्या शब्दात ती आधीपासूनच बसलेली आहे. लगोलग पगार, चावी, बटाटा, पाव, घमेलं हेही लिहून ठेवा. ते पोर्तुगिजांकडून आले. हापूसच्या आंब्यातही पोर्तुगीज अफोन्सो आहे.

पण माझ्या वहीतली सगळ्यात लाडकी ओळ शेंगदाण्याची आहे. सोलापुरात नुसतं 'शेंगा' म्हटलं की भुईमुगाच्याच, दुसऱ्या कसल्या नाहीत. शेंगा चटणी ही त्यांचीच. हे पीक मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. ते इकडे आलं तेव्हा त्याला नाव द्यायचं होतं आणि प्रत्येक भाषेने आपल्या ओळखीच्या दाण्याकडे पाहिलं. मराठीला तो मूग वाटला, भुईत लागणारा, म्हणून भुईमूग. कानडीला हरभरा वाटला: नेल म्हणजे जमीन, कडले म्हणजे हरभरा, मिळून नेलगडले. तेलुगूलाही हरभराच वाटला, पण तेलुगू माणसाची नजर मुळाकडे गेली: वेरु म्हणजे मूळ, शनग म्हणजे हरभरा, झाला वेरुशनग. तीन शेतकरी एकाच रोपाकडे वाकून पाहतायत असं चित्र मला दर वेळी दिसतं. असा एक शब्द सापडला की त्या दिवशी आणखी काही शोधू नका. संध्याकाळी सगळ्यांना तोच सांगा.

दुपारचे बैठे खेळ

आता खेळ. यांना सामान लागत नाही, पंख्याखाली पडल्या पडल्या खेळता येतात.

पहिला, जोडीच्या शब्दाचा. मराठीत 'चहा-बिहा', 'भाकरी-बिकरी', 'लग्न-बिग्न'. दुसऱ्या शब्दाचं तोंड 'बि' होतं. दखनीत 'चाय-वाय', 'खाना-वाना'. कानडीत आणि तेलुगूत तिथे 'गि' येतो: कानडीत जेवणाला ऊट, जेवण-बिवणला 'ऊट-गीट', तेलुगूत वाघ म्हणजे पुलि, वाघ-बिघ म्हणजे 'पुलि-गिलि'. एकाने शब्द द्यायचा, प्रत्येकाने आपापल्या भाषेतली जोडी द्यायची. मग मराठीवाल्याला पेचात टाका: जो शब्द मुळातच 'बि'ने सुरू होतो त्याचं काय? बिस्किट-बिस्किट म्हणता येत नाही. बहुतेक जण 'बिस्किट-फिस्किट' म्हणतात, आणि कुणीही शिकवलेलं नसताना म्हणतात. मुलांना हा नियम स्वतःहून सापडू द्या, सांगू नका.

दुसरा खेळ 'परवा'चा. मराठीतला परवा मागेही जातो आणि पुढेही. "परवा लग्न आहे" आणि "परवा लग्न झालं", शब्द तोच. कानडीत मागचा परवा मोन्ने आणि पुढचा नाडिद्दु. तेलुगूत मागचा मोन्न आणि पुढचा एल्लुंडि. उर्दूत तर काल आणि उद्या दोन्हींना 'कल'. एकाने नुसतं "परवा मामा" एवढं म्हणायचं आणि दुसऱ्याने एकच प्रश्न विचारून मामा येऊन गेले की यायचे आहेत हे ओळखायचं. प्रश्नात काळ दाखवणारं क्रियापद वापरायचं नाही. हा सोपा वाटतो, पण नाही.

तिसरी गोष्ट खेळ नाही, पण रात्री गच्चीवर बोलायला सुंदर आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. "आम्ही हुरडा खायला जाणार" म्हटलं तर ऐकणाऱ्याने घरी बसायचं. "आपण जाऊ" म्हटलं तर त्याने चप्पल घालायची. हिंदी-उर्दूत दोन्हीला 'हम'. तेलुगूत मात्र मराठीसारखेच दोन शब्द: ऐकणाऱ्याला धरून 'मनं' आणि त्याला वगळून 'मेमु'. आजच्या कानडीत एकच, 'नावु'. कुणाचं कुणाशी जुळतं ते पाहिलंत? मराठी इथे आपल्या हिंदी-उर्दू बहिणींपेक्षा दक्षिणेकडच्या शेजारणीशी जास्त जुळते. मला हा फरक कळला तेव्हा मी तेलुगू मित्राला पहिल्यांदा विचारलं होतं की तुमच्या घरी मला 'मनं'मध्ये धरतात की नाही. त्याच्या आईने आतूनच उत्तर दिलं, "मनं."

आणि दखनीने मराठीकडून काय घेतलं तेही ऐका. 'नक्को' हा आपला 'नको'. 'ऐसाइच', 'वोइच' यांतला 'च' आपला ठासून सांगायचा 'च'.

चौथा, जिभेचा. मोठ्याने म्हणा: "चार वाजले, गुरांना चारा घाल." पहिला 'च' आणि दुसरा 'च' एक नाहीत, पण लिहायला अक्षर एकच. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे 'जगून घे' हेही तसंच. तेलुगूत हे दोन्ही उच्चार आहेत, कानडीत नाहीत. कानडी घरातला मित्र हे वाक्य म्हणतो तेव्हा दोन्ही 'च' सारखे येतात का ते ऐका. त्याला हसायचं नाही हे वर सांगितलंच आहे. तुम्हाला ओंदु-एरडु, म्हणजे कानडीतलं एक-दोन, म्हणायला लावलं की तुमची जीभही अडखळेल.

आकडे

विटीदांडू खेळणारी मुलं आता कमी दिसतात, पण आजोबांना विचारलं तर ते मोजून दाखवतील: वकट, लेंड, मूंड, नाल. हे काय आहे? पूर्व भागातल्या एखाद्या आजींना तेलुगूत एक ते चार म्हणायला सांगा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. विटी आणि दांडू घेऊन पिढ्यान् पिढ्या मराठी पोरं तेलुगूत मोजत आली आणि त्यांना पत्ता नव्हता. पुढे गंमत बिघडते. 'नाल'नंतर बहुतेक ठिकाणी 'आर' येतो, तेलुगूतला पाच म्हणजे 'ऐदु' मध्येच गळालेला आणि सहाचा 'आरु' त्याच्या जागी सरकलेला. त्यापुढचे शब्द गावागणिक बदलतात, म्हणून वेगवेगळ्या गावच्या लोकांकडून पुढचे शब्द लिहून घ्या. आमच्या वहीत तीन गावांचे तीन क्रम आहेत.

दुसरं, एकवीस. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' अशी पद्धत आली आणि महाराष्ट्रभर वाद झाला. मराठीत एकक आधी आणि दशक नंतर म्हणायची सवय, म्हणून ते कानाला टोचलं. पण सोलापुरातल्या कानडी घरात एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु', म्हणजे इप्पत्तु आणि ओंदु, वीस आणि एक. तेलुगूत 'इरवै ओकटि', तेही वीस-एक. ज्या क्रमावर वाद झाला तो क्रम इथल्या निम्म्या गल्ल्यांत रोजच्या हिशेबाचा आहे. घरातल्या मुलांना एक कोडं घाला: एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, सगळे 'एक उणे' पद्धतीने चालतात, एकोणनव्वदही. मग ९९ ला एकोणशंभर का नाही? नव्व्याण्णव का? उत्तर द्यायची घाई करू नका, त्यांना आधी सगळे 'एकोण' मोजू द्या.

उलटसुलट

रामाला भाला मारा. टेप आणा आपटे. ती होडी जाडी होती. ही वाक्यं शेवटाकडून वाचा, तीच राहतात. देवनागरीत उलट वाचताना नियम एकच: अक्षर आपला काना-मात्रा-वेलांटी घेऊनच फिरतं, मात्रा सुटी करायची नाही. नवीन माणसाने वाक्याच्या मागे लागू नये, आधी तीन अक्षरी शब्द जमवावेत: नयन, कनक, समास, वाहवा. सोलापूरकराने यादीच्या डोक्यावर 'कडक' लिहावा, कारण आपली भाकरी कोणत्याही बाजूने वाचली तरी कडकच. दोन शब्दांचं जमायला लागलं की मजा वाढते. गुऱ्हाळावर ग्लास हातात घेऊन आमच्या भाचीने 'सरस रस' काढला. तपासून पाहा, स-र-स-र-स. ती नऊ वर्षांची आहे.

लहान मुलं कंटाळली तर त्यांना 'च'ची भाषा शिकवा. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढे 'च' लावायचा. पाणी म्हणजे चणीपा, भाकरी म्हणजे चकरीभा, सोलापूर म्हणजे चलापूरसो. एका दुपारीत येते, आणि मग आठ दिवस घरात दुसरी भाषा ऐकू येत नाही.

बाहेर पडायचं तर सकाळी साडेसहाला

उन्हाच्या आत एक फेरी मारा. बाळीवेस, विजापूर वेस, तुळजापूर वेस, कुंभार वेस अशी नावं लागतील. वेस म्हणजे गावात शिरायचा दरवाजा. दरवाजे गेले, शब्द त्यांच्या जागेवर उभे आहेत. एसटी स्टँडवर पाट्या वाचा. हत्तूर, हन्नूर, नागणसूर, या नावांच्या टोकाचा 'ऊर' म्हणजे कानडीत गाव. त्याच फलाटावर शेवटी 'गाव', 'वाडी', 'पूर' असलेली नावंही असतात. दोन्ही प्रकार दोन रकान्यांत लिहा आणि दुपारी नकाशावर ठिपके द्या. 'ऊर'वाली गावं कुठल्या बाजूला गोळा होतात ते दिसेल.

पूर्व भागात एखाद्या कारखान्याजवळून जात असाल तर यंत्रमागाची खडखड ऐकू येईल. माग हा शब्द थांबून विचारा. कानडीत मग्ग, तेलुगूत मग्गं. चादर विणायची म्हटलं की इथल्या तिन्ही भाषांना एकच शब्द पुरतो. चादर हा शब्द फारसीतून आला आणि त्या चादरीवर नक्षी काढणारं जेकार्ड हे जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाच्या आडनावावरून. घरी जाऊन पलंगावरची चादर उचलून पाहा, केवढा प्रवास झालाय.

ऐकलेली गोष्ट तपासायची

इथे मी जरा कडक आहे. शब्दांच्या गोष्टी गोड असतात आणि गोड गोष्ट लगेच खरी वाटते. सोलापूर हे नाव सोळा गावांवरून पडलं असं तुम्हाला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगेल. मीही लहानपणी शाळेत तेच सांगायचो. पण बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या काळात या गावाचं नाव सोन्नलगे असं येतं, त्यांना कानडीत सोन्नलिगेचे सिद्धराम म्हणूनच ओळखतात. इंग्रजांच्या अमदानीत सोलापूरचं शोलापूर झालं. जुनं रूप समोर ठेवलं की सोळा कुठे बसतात ते तुम्हीच पाहा.

म्हणून नियम करा: कुणी व्युत्पत्ती सांगितली की वहीत ती पेन्सिलीने लिहायची. शाईने तेव्हाच, जेव्हा जुनं रूप किंवा कोश साक्ष देईल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडाखंडाने आला. हे दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ चा. मोल्सवर्थ उघडला तर एक शब्द शोधायला जाऊन दुपार संपते, हे आधीच सांगून ठेवतो. कोशातही 'हे असं असावं' असं लिहिलेलं असतं तिथे आपणही 'असावं' म्हणायचं, 'आहे' म्हणायचं नाही.

एक दिवस कुडलला

सुट्टीतला एक दिवस राखून ठेवा. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल आहे, शहरापासून साधारण ४० किलोमीटर. भीमा आणि सीना तिथे मिळतात. संगमेश्वराचं जुनं देऊळ आहे, आणि एकाच शिवलिंगावर साडेतीनशेहून अधिक मुखं कोरलेली तिथे पाहायला मिळतात. लोक बहुतेक त्यासाठी जातात. तुम्ही मात्र वर, तुळईकडे पाहा. तिथे शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे आणि त्यातली एक ओळ मराठी आहे: 'वाछि तो विजेया होइवा'. जो वाचील तो विजयी होईल.

पहाटे निघा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि बॅटरी घ्या. अक्षरं पहिल्या नजरेला लागत नाहीत, म्हणून ओळ आधी वहीत लिहून न्या. मुलांना खांद्यावर घ्या म्हणजे त्यांना जवळून दिसेल. प्रत्येकाने ती ओळ एकदा मोठ्याने म्हणायची. बरोबर कानडी शेजारी असतील तर त्यांना 'विजयी होईल'ला त्यांच्यात काय म्हणतात ते तिथेच विचारा आणि चौथ्या रकान्यापर्यंत ओळ पुरी करा. नऊच्या आत परत निघा, नंतर दगड तापतात आणि पाय ठेववत नाही.